व्हीसीपीकेजी की हाताने उतरवलेली झिप? फाउंड्रीत कॅमेरे लावणारीचा रिव्ह्यू

आधी निकाल, मग सुनावणी. विंडोजवर सी प्लस प्लसच्या लायब्रऱ्या, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला तयार कोड, आणायच्या असतील तर मायक्रोसॉफ्टचं व्हीसीपीकेजी हे त्या आणून बसवणारं फुकटचं पॅकेज मॅनेजर घ्या. पहिला दिवस वैतागात जाणार हे धरून चाला. आणि ज्या पीसीवर तुमचं सॉफ्टवेअर शेवटी चालणार आहे त्या पीसीवर मात्र ते चढवू नका, तिथे अजूनही फोल्डर उचलून ठेवणंच बरं. पाचपैकी चार तारे. एक का कापला ते पुढे येईलच.

आमचं ऑफिस कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात. खाली लेथ, वर आम्ही, त्यामुळे फोनवर बोलताना पलीकडचा माणूस हमखास विचारतो की तुम्ही सॉफ्टवेअरवाले ना नक्की? शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत कास्टिंग तपासणारे कॅमेरे बसवणं हा आमचा धंदा. फेटलिंग होऊन, म्हणजे कडा घासून साफ होऊन, माल आला की कॅमेऱ्याखालून जातो. ब्लोहोल (ओतताना हवेने राहिलेलं भोक) दिसलं, कड उडालेली दिसली की लाल दिवा लागतो. चित्र तपासायला ओपनसीव्ही, सोबतच्या टॅगवर छापलेला हीट नंबर (माल कुठल्या ओतणीचा ते सांगणारा) वाचायला टेसरॅक्ट, बाकी सगळं आमचं स्वतःचं सी प्लस प्लस. पायथनमध्ये का नाही, असं दर नवीन पोरगं विचारतं. कारण कॅमेऱ्याचा कोड, पीएलसीशी (यंत्र चालवणाऱ्या कंट्रोलरशी) बोलणारा कोड आणि गेली कित्येक वर्षं दुरुस्त करत आणलेलं तपासणीचं गणित सी प्लस प्लसमध्ये आहे, आणि ते चालतंय. चालत्या गाडीची खीळ काढायची नाही.

आता हाताने डाउनलोड करण्याबद्दल. त्याला सरसकट नावं ठेवणारे लोक मला पटत नाहीत. ओपनसीव्हीचंच बघा. विंडोजसाठी त्यांचं अधिकृत पॅक मिळतं. एक एक्झी फाइल, डबल क्लिक केली की स्वतःच उलगडते. आत बिल्ड, त्यात एक्स६४, त्यात व्हीसी१६ असं काहीसं फोल्डर, आणि त्यात बिन आणि लिब. सगळ्या मॉड्यूलचं मिळून एकच मोठं ओपनसीव्ही-वर्ल्ड डीएलएल, म्हणजे प्रोग्रॅम चालताना उचलतो ती लायब्ररीची फाइल. व्हिज्युअल स्टुडिओत इन्क्लूडचा रस्ता द्या, लिबचा रस्ता द्या, लिंकरच्या यादीत एक नाव टाका, डीएलएल एक्झीच्या शेजारी ठेवा. झालं. चहा निवायच्या आत पहिलं चित्र स्क्रीनवर. ज्याला एवढंच लागतं त्याने पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

भानगड दुसऱ्या लायब्ररीपासून सुरू होते. आम्हाला ओपनसीव्हीचं कॉन्ट्रिब (जादा भागांचं) मॉड्यूल लागलं, आणि अधिकृत पॅकमध्ये कॉन्ट्रिब नसतं. म्हणजे सोर्स उतरवा, सीमेक (बिल्डची मांडणी करून देणारं हत्यार) चालवा, स्वतः बिल्ड करा. मग टेसरॅक्ट लागलं. टेसरॅक्टला लेप्टोनिका लागतं. लेप्टोनिकाला पीएनजी, जेपेग, टिफ, वेबपी, जिफ यांच्या लायब्रऱ्या लागतात. त्यातल्या पीएनजीला झेडलिब (डेटा दाबून लहान करणारी लायब्ररी) लागतं, टिफलाही झेडलिब लागतं, आणि ओपनसीव्हीच्या पोटात त्यांचं स्वतःचं झेडलिब आधीच बसलेलं असतं. यातली प्रत्येक गोष्ट वेगळ्या साइटवर, वेगळ्या पद्धतीने बांधायची. कुठे सीमेक, कुठे जुनी मेकफाइल, कुठे कुणीतरी भल्या माणसाने बांधून ठेवलेली झिप, जी कुठल्या कंपायलरने बांधली ते त्यालाच ठाऊक.

तो कंपायलरचा मुद्दा वरवरचा नाही. व्हिज्युअल स्टुडिओ २०१५ पासून २०२२ पर्यंतच्या आवृत्त्यांनी बांधलेल्या लायब्रऱ्या एकमेकींत चालतात, फक्त लिंक करणारा त्यातला सगळ्यात नवीन हवा. इथवर ठीक. पण डीबग आणि रिलीज मिसळलेलं चालत नाही. एकाने रनटाइम (सी प्लस प्लसचा पायाभूत कोड) स्टॅटिक, म्हणजे आतच मिसळून, घेतला आणि दुसऱ्याने डीएलएलचा, तर लिंकर थेट मिसमॅच म्हणून हात वर करतो. सगळ्यात वाईट म्हणजे ३२ बिटी आणि ६४ बिटी डीएलएलची गल्लत, कारण ती तुमच्या टेबलावर कळत नाही, गिऱ्हाइकाच्या शॉपफ्लोअरवर कळते.

एका फाउंड्रीत आधीच्या कुणीतरी बसवलेली सिस्टीम आमच्याकडे देखभालीला आली. रात्रपाळीला सुपरवायझरमामांचा फोन.

"मॅडम, स्क्रीनवर पेटी आलीया. लाल फुली हाय."

"मामा, पेटीत काय लिहिलंय तेवढं वाचून दाखवा."

"इंग्लिश हाय. शेवटी नंबर हाय बघा. शून्य, फुली, सी, मग पाच शून्यं, सात, बी."

मामांनी शून्यं बरोब्बर मोजली होती, त्यामुळे अर्धं निदान फोनवरच झालं. हा नंबर आला की बहुतेक वेळा ६४ बिटी प्रोग्रॅमच्या वाट्याला ३२ बिटी डीएलएल आलेलं असतं. सकाळी जाऊन बघितलं तर एक्झीच्या फोल्डरात एकही डीएलएल नाही. सगळी पाथमधल्या (विंडोज जिथे शोधतं त्या यादीतल्या) फोल्डरांत, आणि काही चक्क विंडोजच्या सिस्टीम३२ मध्ये नेऊन टाकलेली. इथे विंडोजची खोड लक्षात ठेवा. डीएलएल शोधताना ते आधी एक्झीचं स्वतःचं फोल्डर बघतं, मग सिस्टीमची फोल्डरं, आणि पाथचा नंबर लागतो अगदी शेवटी. म्हणजे तुम्ही पाथमध्ये नवीकोरी लायब्ररी टाकली तरी सिस्टीम३२ मध्ये कुणी जुनी सोडून गेला असेल तर उचलली जाते ती जुनीच. त्या पीसीवर तीन वेगळ्या तारखांची झेडलिब सापडली. कुठली कुठून आली, कुणी टाकली, का टाकली, कुठेच नोंद नाही. डेस्कटॉपवर 'नवीन फोल्डर (२)' मात्र होतं, आणि त्यात आणखी एक.

(खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते तेव्हा या पीसीलाही हळदकुंकू लागतं, झेंडूची माळ पडते. एके ठिकाणी यूएसबीच्या खाचेतच कुंकू गेलेलं, डोंगल लागेना. याला कुठलंच पॅकेज मॅनेजर उपाय नाही.)

तर व्हीसीपीकेजी. मायक्रोसॉफ्टने हे २०१६ मध्ये बाहेर आणलं, आधी फक्त विंडोजसाठी, पुढे लिनक्स आणि मॅकसाठीही. एमआयटी लायसन्स, गिटहबवर उघडं. बसवायचं म्हणजे गिटने क्लोन करायचं आणि बूटस्ट्रॅपची बॅच फाइल चालवायची. ते करताना मेट्रिक्स (वापराची माहिती मायक्रोसॉफ्टला पाठवणं) बंद करायचा पर्याय देता येतो, मी देते. व्हिज्युअल स्टुडिओ २०२२ च्या १७.६ या आवृत्तीपासून ते सोबतही येतं, पण मी स्वतंत्र क्लोनच वापरते. कुठल्या कमिटवर, म्हणजे कोडच्या कुठल्या नोंदलेल्या टप्प्यावर, उभे आहोत ते माझ्या हातात राहतं.

जागा निवडताना डोकं वापरा. सी ड्राइव्हवर डेव्ह नावाचं फोल्डर आणि त्यात व्हीसीपीकेजी, एवढा आखूड रस्ता ठेवा. विंडोजची २६० अक्षरांची जुनी मर्यादा अजून कुठे कुठे आडवी येते, आणि बिल्डच्या वेळी आतली फोल्डरं एकात एक अशी काही खोल जातात की 'माय डॉक्युमेंट्स'मध्ये 'ऑफिसचे प्रोजेक्ट'मध्ये ठेवलेलं निम्म्यात गुदमरतं. नावात स्पेस नको. डाउनलोड फोल्डरात तर नकोच.

मग कमांड. व्हीसीपीकेजी इन्स्टॉल, पुढे टेसरॅक्ट, पुढे ट्रिप्लेट म्हणून एक्स६४-विंडोज. ट्रिप्लेट म्हणजे प्रोसेसर, ऑपरेटिंग सिस्टीम आणि लायब्ररी कशी जोडायची याचा मिळून एक शिक्का. पूर्वी विंडोजवर ट्रिप्लेट सांगितला नाही तर ३२ बिटी बांधून द्यायचं, जुने लेख बघून कमांड मारणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. कमांड दिली की आधी यादी येते. तुम्ही मागितलेलं एक, आणि त्याच्या मागून येणारं वऱ्हाड. लेप्टोनिका, पीएनजी, टिफ, वेबपी, झेडलिब, सगळं आपणहून. झेडलिब एकदाच, सगळ्यांना तेच. माझ्या दृष्टीने ही यादीच या वस्तूचा मोठा गुण. काय काय लागतं हे कुणाला विचारावं लागत नाही, कुणी विसरत नाही.

आणि मग वाट बघणं. व्हीसीपीकेजी तयार माल आणत नाही. सोर्स आणून तुमच्या मशीनवर, तुमच्या कंपायलरने बांधतं, आणि तेही दोनदा, एकदा डीबग, एकदा रिलीज. पायथनवाल्यांना हे समजत नाही, कारण पिपला (त्यांच्या पॅकेज मॅनेजरला) ओपनसीव्ही मागितलं की बांधून ठेवलेलं व्हील मिनिटात येऊन पडतं. इथे ओपनसीव्ही एकटं असेल तर कमांड द्या आणि रंकाळ्याला निवांत फेरी मारून या. क्यूटी (खिडक्या-बटणांची लायब्ररी) जोडलं असेल तर अख्खी दुपार गेली समजा. पंखा गरगरतो, अँटीव्हायरस प्रत्येक ऑब्जेक्ट फाइल हुंगत बसतो. डिस्कही खातं. बिल्डट्रीज नावाचं फोल्डर एकदा उघडून त्याची साइज बघा, मग तुम्ही स्वतःहून क्लीन आफ्टर बिल्डचा पर्याय शोधाल. रिलीज तेवढंच हवं असेल तर एक्स६४-विंडोज-रिलीज हा ट्रिप्लेट आहे, वेळ बऱ्यापैकी वाचतो. पण मग व्हिज्युअल स्टुडिओत डीबग मोडला ते जोडू नका, वर सांगितलेला लिंकरचा मिसमॅच लगेच हजर होईल.

बिल्ड फसलं की काळ्या खिडकीत लाल अक्षरं येतात आणि नवखा माणूस तिथेच गळपटतो. आमच्याकडे इचलकरंजीहून येणारी एक नवीन मुलगी आहे, तिला मी पहिल्या आठवड्यात हेच शिकवलं. लाल अक्षरं वाचायची नाहीत. खाली लॉग फाइलचा रस्ता दिलेला असतो, बिल्डट्रीजमध्ये त्या लायब्ररीच्या नावाच्या फोल्डरात. ती फाइल उघड आणि शेवटून वर न वाचता 'एरर' हा शब्द पहिल्यांदा कुठे आला ते शोध. खालचे सगळे एरर त्या पहिल्याचीच पिलावळ असते.

"ताई, यात तर लिहिलंय डाउनलोड झालं नाही. बिल्डचा संबंधच नाही."

बरोबर. निम्म्या वेळा असंच असतं. नेट तुटलेलं, प्रॉक्सी आडवी, किंवा हॅश (फाइलवरून काढलेला तिच्या ओळखीचा ठसा) जुळला नाही. प्रत्येक लायब्ररीच्या पोर्टफाइलमध्ये, म्हणजे ती कुठून आणायची आणि कशी बांधायची ते सांगणाऱ्या फाइलमध्ये, तिच्या सोर्सच्या गठ्ठ्याचा एसएचए५१२ हॅश लिहिलेला असतो. उतरवलेली फाइल त्याच्याशी जुळली नाही तर व्हीसीपीकेजी पुढे पाऊल टाकत नाही. ३० जानेवारी २०२३ ला गिटहबने सोर्सचे गठ्ठे दाबायची पद्धत बदलली आणि आतला कोड तोच असूनही जगभरच्या पॅकेज मॅनेजरांचे हॅश एकदम जुळेनासे झाले. गिटहबने ते काही तासांत मागे घेतलं. लोकांनी त्यावर बोटं मोडली, मला उलट बरं वाटलं. कुलूप बंद आहे का हे कळायला कधीतरी ते ओढून बघावंच लागतं. हाताने झिप उतरवणाऱ्यांपैकी कितीजण हॅश तपासतात? आमच्या उद्यमनगरात तरी मला अजून कुणी भेटलेला नाही. 'अमुक डीएलएल सापडत नाही' असं गुगलला टाकून जी साइट पहिली येईल तिथून डीएलएल उचलणारे मात्र भरपूर भेटलेत.

आता ज्याच्यासाठी मी हे ठेवून घेतलंय ती गोष्ट. मॅनिफेस्ट. प्रोजेक्टच्या फोल्डरात व्हीसीपीकेजी डॉट जेसन नावाची छोटी फाइल ठेवायची. त्यात कुठल्या लायब्रऱ्या लागतात ते, कुठलं फीचर हवं ते, आणि बेसलाइन म्हणून गिटच्या कमिटचा ४० अक्षरी नंबर. त्या कमिटच्या दिवशी ज्या लायब्ररीची जी आवृत्ती होती, तीच तुमच्या प्रोजेक्टला मिळते, मग बाहेर जग कितीही पुढे जावो. एखादी वेगळी हवी असेल तर ओव्हरराइड लिहायचा. सीमेकला टूलचेनची फाइल दाखवली की बाकी आपोआप. नवीन मुलीचा लॅपटॉप आला तेव्हा तिने रिपॉझिटरी उतरवली, सीमेक चालवलं आणि बिल्ड झालं. आधी याच कामाला एक वर्ड फाइल होती, 'सेटअप स्टेप्स फायनल नवीन', तिच्यात पाथचे स्क्रीनशॉट होते. ती आता कुणी उघडत नाही.

याचा खरा उपयोग कळला तो एका गिऱ्हाइकाच्या गिऱ्हाइकामुळे. फाउंड्री निर्यातीचा माल करते, परदेशी ऑटो कंपनीकडून ऑडिट लागलं. त्यांच्या प्रश्नावलीत एक ओळ होती की तपासणी यंत्रातल्या सॉफ्टवेअरचे सगळे घटक, आवृत्ती आणि लायसन्ससह द्या. मालकांनी तो कागद फोटो काढून मला व्हॉट्सअॅपवर टाकला, खाली एवढंच, "मॅडम, हे तुमचं." व्हीसीपीकेजी प्रत्येक लायब्ररीच्या शेअर फोल्डरात कॉपीराइट नावाची फाइल ठेवतं, तीत लायसन्सचा मजकूर असतो. शेजारीच एसपीडीएक्स (सॉफ्टवेअरच्या घटकयादीचा ठरलेला नमुना) पद्धतीची जेसन फाइल, तीत नाव, आवृत्ती, सोर्स कुठून आला, हॅश. एक छोटी स्क्रिप्ट लिहून सगळं एका एक्सेलमध्ये ओढलं आणि पाठवून दिलं. वर सांगितलेल्या त्या तीन झेडलिबवाल्या पीसीचं हेच काम करायचं झालं असतं तर काय लिहून दिलं असतं? फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, आणि तिथे आवृत्तीच्या जागी रिकामं.

सुरक्षेचंही असंच. सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी चित्रं उघडणाऱ्या लिबवेबपी या लायब्ररीत मोठं भोक सापडलं. सगळ्यांनी ब्राउझर अपडेट केले आणि विषय संपला असं मानलं. पण ही लायब्ररी ब्राउझरपुरती नव्हती. ओपनसीव्हीच्या पोटात ती असते, लेप्टोनिकामार्फत टेसरॅक्टच्या मागेही असते. पायथनच्या ओपनसीव्ही पॅकेजलाही त्यासाठी ४.८.१.७८ ही आवृत्ती काढावी लागली. आमचे कॅमेरे वेबपी कधी उघडत नाहीत, त्यामुळे धोका नगण्य. पण 'आपल्यात हे आहे का' या प्रश्नाला एका कमांडमध्ये उत्तर मिळालं, आणि आम्ही ओपनसीव्हीतलं वेबपीचं फीचरच बंद करून टाकलं. हाताने आणून ठेवलेल्या झिपमध्ये लिबवेबपी आहे हे बाहेरून दिसतसुद्धा नाही, ती मोठ्या डीएलएलच्या आत मिसळून गेलेली असते.

म्हणून पॅकेज मॅनेजर म्हणजे सुरक्षित, असंही कुणी समजू नये. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली दाबणाऱ्या सॉफ्टवेअरच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मागचा दरवाजा घातलेला सापडला. प्रोजेक्टची देखभाल करणाऱ्यांत विश्वास कमावून शिरलेल्या माणसाने तो घातला होता. एसएसएच (दूरच्या मशीनवर शिरायची सोय) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय म्हणून आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरने खोदकाम केलं म्हणून तो उघड झाला. तो डाव लिनक्ससाठी होता, आमच्या विंडोजचा संबंध नव्हता. पण हॅश त्या फाइलचाही जुळलाच असता. हॅश एवढंच सांगतो की वाटेत कुणी बदललं नाही. उगमातच घाण असेल तर तो बिचारा काय करणार! म्हणून मी बेसलाइन नवीन आली की लगेच उडी मारत नाही. थोडी शिळी बरी.

आता कापलेला तारा. व्हीसीपीकेजी बांधलेल्या लायब्रऱ्या बायनरी कॅशमध्ये ठेवतं, म्हणजे तीच लायब्ररी परत मागितली की झिप उलगडून मिनिटाभरात देतं. छान. पण ती 'तीच' आहे का हे ठरवताना कंपायलरही मोजतं. व्हिज्युअल स्टुडिओचा बारीकसा अपडेट झाला, कंपायलर बदलला, की कॅश कुचकामी आणि सगळं पहिल्यापासून. तत्त्वाने बरोबर आहे, मान्य. पण शुक्रवारी संध्याकाळी 'अपडेट अव्हेलेबल'वर कुणीतरी सवयीने क्लिक करतं आणि सोमवारी सकाळी ऑफिसातले सगळे पंखे एकदम सुरू होतात तेव्हा तत्त्व आठवत नाही. आमच्याकडे आता व्हिज्युअल स्टुडिओचा अपडेट माझ्या परवानगीशिवाय करायचा नाही असा नियम आहे आणि तो भिंतीवर चिकटवलाय.

दुसरं, जुनी बेसलाइन कायम बांधता येईलच असं नाही. काही लायब्रऱ्यांना, उदाहरणार्थ व्हिडिओच्या एफएफएमपेगला, बांधताना एमसिस२ ची (विंडोजवर युनिक्ससारख्या कमांड देणारी) हत्यारं लागतात. ती व्हीसीपीकेजी आपणहून उतरवतं, पण त्यांच्या जुन्या आवृत्त्या सर्व्हरवरून निघून जातात आणि ४०४ येतो. म्हणजे ४० अक्षरी नंबर जपून ठेवला तरी फाइल जपलेली नसेल तर उपयोग नाही. यावर उपाय जुनाच: डाउनलोड झालेला माल आपल्याकडे साठवा. अॅसेट कॅश नावाची सोय आहे, ऑफिसच्या नेटवर्क ड्राइव्हवर सोर्सचे गठ्ठे आणि शेजारी बांधलेल्या लायब्रऱ्या. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये रस्ता द्यायचा की सगळ्यांचे लॅपटॉप आधी तिथे बघतात.

कोल्हापुरात हे साठवणं चैन म्हणून करत नाही कुणी. जुलै २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, २०१९ च्या ऑगस्टमध्येही गेला होता. तेव्हा नेट कधी होतं कधी नव्हतं, आणि मोबाइलचा हॉटस्पॉट सोर्सचे गठ्ठे ओढायला पुरत नाही. कॅशची एक प्रत एक्स्टर्नल डिस्कवर होती, तेवढ्यावर काम निघालं. ती डिस्क आजही दर महिन्याला नवी होते, पावसाळ्याआधी एकदा जास्तीची.

फाउंड्रीच्या आत तर नेट नसतंच, असलं तरी तपासणीच्या पीसीला दिलेलं नसतं, आणि ते योग्यच आहे. तिथे आम्ही एकच फोल्डर नेतो. व्हीसीपीकेजीसोबत बिल्ड केलं की लागणारी डीएलएल एक्झीच्या शेजारी आपोआप कॉपी होतात, जितकी लागतात तितकीच. ते फोल्डर, सोबत मायक्रोसॉफ्टचा रनटाइम इन्स्टॉलर, पेनड्राइव्हवर घालायचं आणि नेऊन ठेवायचं. पाथला हात नाही, सिस्टीम३२ ला तर नाहीच. काही बिघडलं तर मामा जुन्या तारखेचं फोल्डर उघडून त्यातली एक्झी चालवतात, फोनही करत नाहीत. म्हणजे शेवटच्या टप्प्यात झिपच जिंकते, फक्त ती झिप आता कुठून आली हे माहीत असतं.

कॉनन नावाचं दुसरं पॅकेज मॅनेजरही आहे, ते बांधलेला माल दूरच्या सर्व्हरवरून आणू शकतं, म्हणजे वाट बघणं कमी. मोठ्या टीमला बरं पडेल. चार माणसांच्या ऑफिसात त्याची रेसिपी पायथनमध्ये लिहीत बसायला कुणाला वेळ नाही. आणि एका हेडर फाइलची लायब्ररी असेल तर पॅकेज मॅनेजरही नको. जेसन वाचायची ती सुप्रसिद्ध एक-फाइलवाली लायब्ररी आम्ही तशीच कॉपी करून प्रोजेक्टमध्ये ठेवली आहे, वर कमेंटमध्ये आवृत्ती लिहून.

राहिले आमच्या कॅमेरा कंपन्यांचे एसडीके, म्हणजे कॅमेरा चालवायला त्या देतात त्या लायब्रऱ्या. ते व्हीसीपीकेजीत नाहीत, येण्याची चिन्हंही नाहीत. नोंदणी करा, ईमेल द्या, भलाथोरला इन्स्टॉलर उतरवा, रीस्टार्ट करा, आणि तो न विचारता पाथमध्ये आपली फोल्डरं घालून मोकळा होतो. त्यांच्यासाठी मी ओव्हरले पोर्ट, म्हणजे व्हीसीपीकेजीला जोडायची आपली घरगुती पोर्टफाइल, लिहायला घेतलंय. हेडर आणि लिब उचलून आमच्या ड्राइव्हवर झिप करून ठेवायची आणि पोर्टफाइलमध्ये तिचा हॅश लिहायचा, की ते बाकीच्यांसारखंच यादीत येतं. एका कंपनीचं झालं. दुसरीच्या इन्स्टॉलरमध्ये ड्रायव्हर आणि लायब्ररी अशी काही गुंतवून ठेवली आहेत की ते दिवाळीपर्यंत तसंच राहील. दिवाळीत फाउंड्री बंद असते, बेसलाइन पुढे सरकवायची तीही त्याच आठवड्यात.